विस्मृतीत गेलेल्या अल्पायुषी दूरचित्रवाणी मालिका आणि त्यांची कथाबीजे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अल्पायुषी मालिका म्हणजे नेमकी किती भागांची?

या पानावर मुख्यतः अमेरिकेतील एनबीसी, सीबीएस आणि एबीसी या तीन मोठ्या नेटवर्कांनी १९६० पासून पुढच्या तीन-साडेतीन दशकांत दाखवलेल्या मालिकांचा विचार केला आहे. ब्रिटनमधील काही मालिका ओघाने येतात. अमेरिकेत नव्या मालिकांचा हंगाम सप्टेंबरात सुरू होतो. नेटवर्क सहसा आधी तेरा-एक भाग मागवते, प्रतिसाद बरा दिसला तर हंगाम पुरा करण्यासाठी आणखी भाग मागवते, आणि तसा तो नसला तर जानेवारीत त्याच वेळेवर दुसरीच मालिका येऊन बसते. एका हंगामापलीकडे न गेलेल्या मालिकेला येथे अल्पायुषी म्हटले आहे. साठच्या दशकात एका हंगामातच तीस भाग होत असत, त्यामुळे ‘तीस भाग झाले, मग अल्पायुषी कशी?’ हा प्रश्न त्या काळाला लागू पडत नाही.

ब्रिटनमध्ये हिशेब वेगळा आहे. तेथे सहा-सात भागांची मालिका हा नेहमीचाच प्रकार असल्याने केवळ भाग कमी आहेत म्हणून ती फसली असे म्हणता येत नाही.

इतक्या चमत्कारिक कल्पनांना मंजुरी तरी कोण देत असे?

ज्यांनी यशस्वी मालिकांना मंजुरी दिली, तीच माणसे. हे उत्तर चटकन पटत नाही, पण १९६०च्या दशकातील कार्यक्रमपत्रिका डोळ्यांखालून घातली की पटते. ‘मिस्टर एड’ या मालिकेत घोडा बोलत असे आणि तो १९६१ ते १९६६ असा पाच वर्षे बोलत राहिला. ‘बिविच्ड’ (१९६४-७२) मध्ये जाहिरात कंपनीत काम करणाऱ्या गृहस्थाची पत्नी चेटकीण होती. ती मालिका आठ हंगाम चालली. ‘द फ्लाइंग नन’ मध्ये एक हलकीफुलकी जोगीण डोक्यावरच्या रुंद टोपीमुळे वाऱ्याबरोबर उडत असे, आणि तिलाही तीन हंगाम मिळाले. साध्या घरात एकच अद्भुत गोष्ट आणायची आणि ती शेजारीपाजाऱ्यांपासून लपवण्याची घरच्यांची तारांबळ दर आठवड्याला दाखवायची, हा साचा त्या दशकात हमखास चालणारा मानला जात होता. घोडा चालला तर मोटार का चालू नये, असा प्रश्न एखाद्या बैठकीत विचारला गेला असेल, तर त्या बैठकीपुरता तो मूर्खपणाचा नव्हता.

दुसरे कारण प्रेक्षकाच्या सोयीचे होते. घरी कार्यक्रम चित्रमुद्रित करून ठेवण्याची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे पहिला भाग हुकलेल्या माणसाला चौथ्या भागात सगळे कळले पाहिजे अशी अट प्रत्येक मालिकेवर असे. मग शीर्षकगीतातच सगळी कथा सांगितली जाई: कोण, कुठला, त्याच्यावर काय प्रसंग आला आणि आता तो काय करतो. त्या काळची अनेक कथाबीजे एका कडव्यात मावतील अशीच बेतलेली दिसतात. एका कडव्यात मावणारी गोष्ट सव्वीस आठवडे पुरेल की नाही, याचा विचार मात्र तितक्या काटेकोरपणे होत नसावा.

‘माय मदर द कार’ मध्ये खरोखरच आई मोटार झालेली होती का?

होय. १४ सप्टेंबर १९६५ रोजी एनबीसीवर सुरू झालेल्या या मालिकेत डेव्ह क्रॅबट्री नावाचा वकील (भूमिका जेरी व्हॅन डाइक) घरच्यांसाठी प्रशस्त गाडी घ्यायला म्हणून जातो आणि एका जुनाट, १९२८ च्या ‘पोर्टर’ मोटारीपाशी थबकतो. त्या मोटारीचा रेडिओ त्याच्याशी बोलू लागतो, आणि तो आवाज त्याच्या दिवंगत आईचा असतो. आईला आवाज दिला होता ॲन सदर्न या नावाजलेल्या अभिनेत्रीने. आईचे बोलणे फक्त डेव्हलाच ऐकू येते. बायकोला आणि मुलांना समोर दिसते ती एक खटारा गाडी आणि तिच्यावर अकारण जीव टाकणारा बाप. कॅप्टन मँझिनी नावाचा एक मिशाळ संग्राहक काहीही करून ती गाडी पटकावू पाहतो, आणि पुष्कळशा भागांचे कथानक त्याच्या कारस्थानांवर उभे राहते.

मालिका एका हंगामात, तीस भागांनंतर बंद झाली. ‘टीव्ही गाइड’ या नियतकालिकाने २००२ मध्ये सर्वकालीन वाईट कार्यक्रमांची यादी केली, तेव्हा ‘माय मदर द कार’ ला त्यात दुसरे स्थान मिळाले. एकही भाग न पाहिलेली माणसेसुद्धा तिचे नाव उपहासाने घेतात. या कुप्रसिद्धीबाबत थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे, कारण मालिकेच्या दोन निर्मात्या-लेखकांपैकी एक, ॲलन बर्न्स, यांनी पुढे १९७० मध्ये ‘द मेरी टायलर मूर शो’ ही अमेरिकी विनोदी मालिकांतील मानदंड ठरलेली मालिका जेम्स एल. ब्रूक्स यांच्या जोडीने निर्माण केली. तेव्हा लेखणी अडाणी हातात होती असे म्हणता येणार नाही. अडचण कथाबीजाच्या रचनेत होती. बोलणारा घोडा खोडकर असतो, मालकाला तोंडघशी पाडतो, फोन उचलतो, भलत्या वेळी गोठ्यातून बाहेर पडतो. मोटार मात्र गॅरेजमध्ये उभी राहते. तिला कुठे जायचे तर मुलाने चालवायला हवी, आणि घराच्या आत जिथे बायको, मुले आणि खरी कुरबुर आहे तिथे तिला प्रवेशच नाही. सासू आणि सून यांची गाठ कधी पडतच नसेल, तर अशा कौटुंबिक विनोदातून निम्मी सामग्री पहिल्याच दिवशी वजा होते.

म्हणजे कल्पना विचित्र होती म्हणून मालिका बंद पडली, हे खरे नाही?

माझ्या मते नाही, आणि त्याचा सर्वांत सरळ पुरावा पुन्हा मोटारीचाच आहे. १९८२ मध्ये त्याच एनबीसीने ‘नाइट रायडर’ ही मालिका आणली. तिच्यातही मोटार बोलत होती, तिलाही स्वतःची मते होती आणि ती नायकाला टोमणेही मारत असे. ती मालिका १९८६ पर्यंत चार हंगाम चालली. तेथे मोटार स्वतः चालत होती, पाठलाग करत होती, अडचणीत सापडत होती आणि नायकाला सोडवत होती. विचित्रपणा दोन्हीकडे सारखाच होता. फरक होता तो मोटारीला कथानकात काय करता येते याचा.

म्हणून एखाद्या विसरलेल्या मालिकेचे कथाबीज वाचताना ‘हे शक्य आहे का?’ असे न विचारता ‘बाराव्या आठवड्यात यात काय घडेल?’ असे विचारावे. काही कथाबीजे ही केवळ एक परिस्थिती असते, तर काही स्वतःहून दर आठवड्याला नवा पेच निर्माण करतात. पहिल्या प्रकारच्या मालिका लवकर दमतात. दुसऱ्या प्रकारच्याही बंद पडतात, पण त्यांची कारणे बहुधा बाहेरची असतात: प्रक्षेपणाची वेळ, खर्च, किंवा समोरच्या वाहिनीवरचा एखादा अजिंक्य कार्यक्रम.

एकाच कल्पनेवर दोन मालिका एकाच वेळी आल्याचे उदाहरण आहे का?

एकाच वेळीच नव्हे, एकाच संध्याकाळी. जानेवारी १९६६ मध्ये एबीसीवर ‘बॅटमॅन’ सुरू झाली आणि बघता बघता तिचे वेड पसरले. उरलेल्या दोन्ही नेटवर्कांनी आपापला हास्यास्पद महावीर तयार करायला घेतला, आणि ९ जानेवारी १९६७ या सोमवारी सीबीएसने ‘मिस्टर टेरिफिक’ व लगोलग एनबीसीने ‘कॅप्टन नाइस’ प्रेक्षकांसमोर आणली. दोन्हींत एक बावळट, भिडस्त तरुण औषध घेऊन अचाट बलवान होतो.

‘मिस्टर टेरिफिक’ मधला स्टॅन्ली बीमिश पेट्रोल पंप चालवतो आणि सरकारी गुप्त खात्याने दिलेली गोळी घेतली की तासभर महाबली होतो. ही गोळी दुसऱ्या कोणालाच मानवत नाही. भलेभले पहिलवान ती घेऊन आजारी पडतात. उडण्यासाठी स्टॅन्लीला दोन्ही हात पक्ष्यासारखे फडफडवावे लागतात, आणि गोळीचा अंमल नेमका भलत्या क्षणी उतरतो. ‘कॅप्टन नाइस’ मधला कार्टर नॅश (विल्यम डॅनियल्स) पोलिसांच्या प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ आहे, आणि गुन्हेगारांशी लढण्याची हौस त्याला नसून त्याच्या आईला आहे; त्याचा पोशाखही तिनेच शिवलेला आहे. उंचीची भीती असलेला हा वीर आकाशातून जाताना जीव मुठीत धरून असतो. बक हेन्री यांनी निर्माण केलेली ही दुसरी मालिका आज पाहिली तर पहिलीपेक्षा नक्कीच चतुर वाटते, कारण तिच्यातला विनोद शक्तीवर नसून आई आणि मुलगा यांच्यावर आहे. पण प्रेक्षकांना एका संध्याकाळी पाठोपाठ दोन नकला पाहायला मिळाल्या, आणि त्यांनी दोन्हींकडे पाठ फिरवली. ‘मिस्टर टेरिफिक’ चे सतरा आणि ‘कॅप्टन नाइस’ चे पंधरा भाग झाले. ज्या ‘बॅटमॅन’ च्या लाटेवर स्वार व्हायचे होते, ती मालिकाच पुढच्या वर्षी संपली.

बर्फात गोठलेल्या माणसाची कल्पनाही अशीच अटलांटिकच्या दोन्ही काठांवर आली. बीबीसीच्या ‘ॲडम ॲडमंट लिव्ह्ज!’ (१९६६-६७) मध्ये १९०२ साली शत्रूने गोठवलेला एक सद्गृहस्थ-साहसवीर १९६६ च्या लंडनमध्ये जागा होतो आणि तोकडे पोशाख, गोंगाट आणि बदललेली नीती पाहून चक्रावतो. एबीसीच्या ‘द सेकंड हंड्रेड इयर्स’ (१९६७-६८) मध्ये सोने शोधायला अलास्कात गेलेला ल्यूक कार्पेंटर १९०० साली हिमकड्याखाली गाडला जातो आणि १९६७ मध्ये जिवंत सापडतो. शरीराने तो तेहतीस वर्षांचाच असतो, त्याचा मुलगा मात्र सदुसष्ट वर्षांचा झालेला असतो, आणि नातू हुबेहूब आजोबांसारखा दिसत असतो. आजोबा आणि नातू या दोन्ही भूमिका मॉन्टी मार्कम यांनी केल्या होत्या. पांढऱ्या केसांच्या वृद्धाने तरण्याबांड पुरुषाला वडील म्हणावे आणि त्या तरुणाने त्याला पोरासारखे दटावावे, हे दृश्य पहिल्यांदा खरोखर हसवते. सव्वीस भागांत ते फार वेळा आले.

मालिका चालू असतानाच तिचे कथाबीज बदलल्याचे कधी घडले का?

‘इट्स अबाउट टाइम’ हे त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण आहे. शेरवुड श्वार्ट्झ यांच्या ‘गिलिगन्स आयलंड’ ला चांगले यश मिळत असतानाच त्यांची ही दुसरी मालिका सप्टेंबर १९६६ मध्ये सीबीएसवर आली. दोन अंतराळवीर काळाची सीमा ओलांडून अश्मयुगात कोसळतात आणि गुहेत राहणाऱ्या एका कुटुंबाच्या आश्रयाने दिवस काढतात, असे तिचे सूत्र होते. प्रेक्षकांचा प्रतिसाद घसरू लागला तेव्हा निर्मात्यांनी अंतराळयान दुरुस्त करवून वीरांना विसाव्या शतकात परत आणले, आणि येताना ते गुहेतले कुटुंबही त्यांच्यासोबत आणवले. आता अश्मयुगात हरवलेल्या आधुनिक माणसांऐवजी आधुनिक शहरातील सदनिकेत लपवून ठेवलेले आदिमानवांचे कुटुंब हा विनोदाचा विषय झाला, आणि शीर्षकगीताचे शब्दही त्यानुसार बदलले गेले.

ही उलटापालट थट्टेचा विषय झाली असली, तरी ती मला मनापासून शहाणपणाची वाटते. अश्मयुगात अंतराळवीरांनी करायचे ते काय? डायनोसॉरपासून पळायचे आणि यान दुरुस्त करायचे. शहरात मात्र इमोजेन कोका यांच्यासारख्या कसलेल्या विनोदी अभिनेत्रीला दारावरची घंटा, दूरचित्रवाणी, घरमालक असे हवे तेवढे साहित्य मिळाले. लेखकांना दोष सापडला होता. तो सापडायला निम्म्याहून अधिक हंगाम लागला, एवढेच. मालिका सव्वीस भागांवर थांबली.

पहिल्याच भागात कल्पना संपून जाते, असे ज्या मालिकांबद्दल म्हणतात त्या कोणत्या?

एबीसीवर १९७९ मध्ये आलेली ‘सॅल्व्हेज १’ ही त्यातली माझी आवडती. हॅरी ब्रॉडरिक (अँडी ग्रिफिथ) हा भंगाराचा व्यापारी. अपोलो मोहिमांनी चंद्रावर टाकून दिलेले सामान मौल्यवान आहे, मग ते आणून विकायला काय हरकत आहे, असा सरळ व्यापारी विचार तो करतो, आणि आपल्या भंगाराच्या आवारातच जुन्यापुराण्या भागांतून ‘व्हल्चर’ नावाचे यान उभे करून चंद्रावर जाऊन येतो. चाचणी भागापुरती ही गोष्ट इतकी झकास आहे की ती पाहून कोणत्याही नेटवर्कने मालिकेला होकार दिला असता. पण चंद्रावरून परतलेला भंगारवाला पुढच्या आठवड्यात काय आणणार? लेखकांनी पुढे हिमनग ओढून आणण्यापर्यंत मजल मारली, तरी चंद्रापुढे प्रत्येक सफर खालच्या पायरीवरचीच ठरली.

याच जातीची दुसरी मालिका म्हणजे १९९२ मध्ये फॉक्सवर आलेली ‘वूप्स!’. लष्करी संचलनात दोन मुलांच्या हातून चुकून क्षेपणास्त्र सुटते, अणुयुद्ध होते, आणि वाचलेली सहा माणसे एका शेतघरात एकत्र येतात. ही विनोदी मालिका आहे, हे मुद्दाम सांगायला हवे. नाताळच्या भागात खुद्द सांताक्लॉज तेथे येऊन पोहोचतो. जगात सहाच माणसे उरल्यावर दारावर येणारा सातवा कोण, हा प्रश्न लेखकांना फार लवकर पडला, याचे हे चिन्ह होय.

रहस्य अर्धवट सोडून बंद पडलेली सर्वांत चुटपुट लावणारी मालिका कोणती?

‘कोरोनेट ब्लू’. न्यूयॉर्कच्या बंदराच्या पाण्यातून एका तरुणाला बाहेर काढले जाते. त्याला मारण्याचा प्रयत्न झालेला आहे, स्वतःचे नावगाव त्याला आठवत नाही. आठवतात ते फक्त दोन शब्द, ‘कोरोनेट ब्लू’. मायकेल आल्डन हे नाव घेऊन तो त्या शब्दांचा अर्थ शोधत फिरतो, आणि कोणीतरी त्याच्या मागावर असते. लॅरी कोहेन यांनी निर्माण केलेली ही मालिका सीबीएसने १९६५ मध्ये चित्रित करून घेतली आणि कपाटात ठेवून दिली. १९६७ च्या उन्हाळ्यात, जेव्हा नेटवर्के पुनःप्रक्षेपणांवर वेळ मारून नेत असत, तेव्हा ती भरताड म्हणून बाहेर काढण्यात आली. आणि ती लोकांना आवडली. पण नायक फ्रँक कॉन्व्हर्स तोवर एबीसीच्या ‘एन.वाय.पी.डी.’ या पोलिसी मालिकेसाठी करारबद्ध झाला होता, त्यामुळे पुढचे भाग काढणे शक्यच नव्हते. तेरापैकी अकरा भाग दाखवले गेले आणि दोन शब्दांचा उलगडा झालाच नाही.

योगायोग असा की त्याच उन्हाळ्यात, २९ ऑगस्ट १९६७ रोजी, ‘द फ्युजिटिव्ह’ या, खुनाचा खोटा आळ आलेल्या फरारी डॉक्टरच्या, चार वर्षे चाललेल्या मालिकेचा शेवटचा भाग प्रक्षेपित झाला. खरा खुनी कोण हे त्यात कळले, आणि त्या रात्री अमेरिकेत दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोच कार्यक्रम लावला होता. अखेर उत्तर मिळते तेव्हा प्रेक्षक किती उत्सुकतेने जमतात, हे ज्या आठवड्यांत सिद्ध झाले, त्याच आठवड्यांत मायकेल आल्डनला उत्तराविना निरोप देण्यात आला. कोहेन यांनी फार पुढे सांगितले की तो अमेरिकी नव्हताच. तो अमेरिकी म्हणून वावरण्यासाठी तयार केलेला रशियन हेर होता आणि त्याला आपल्या गटातून फुटायचे होते. हे उत्तर कळल्यावर जुने भाग पुन्हा पाहिले तर नायकाचा प्रत्येक नैतिक आग्रह वेगळाच भासू लागतो.

खर्चामुळे बुडालेल्या मालिका कोणत्या?

‘सुपरट्रेन’ (एनबीसी, १९७९) हे नाव प्रथम घ्यावे लागते. अणुशक्तीवर धावणारी, न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला छत्तीस तासांत पोहोचणारी अजस्र आगगाडी. आत पोहण्याचा तलाव, डिस्को, दुकाने. आणि दर आठवड्याला नवे प्रवासी व त्यांची प्रेमप्रकरणे अथवा खुनाचे कट. एबीसीची ‘द लव्ह बोट’ जहाजावर जे करत होती, ते रुळांवर करण्याचा हा घाट होता. गाडीच्या आतील दालने आणि वेगवेगळ्या आकारांच्या प्रतिकृती उभारण्यात पैसा पाण्यासारखा ओतला गेला आणि त्या काळची सर्वांत महागडी मालिका असा तिचा बोलबाला झाला. अवघे नऊ भाग झाले. मुळात छत्तीस तासांचा प्रवास ही फार लहान मुदत आहे. जहाजाच्या आठवडाभराच्या सफरीत जुळणारी प्रेमकहाणी येथे दुसऱ्या रात्रीच्या आत उरकावी लागे, आणि समुद्रावरच्या उन्हात चालणारे आळसावलेले गुलूगुलू बोलणे धडधडत्या बंद डब्यात काही केल्या रंगत नसे.

१९८३ मध्ये निर्माते ग्लेन लार्सन यांच्या दोन मालिका एकाच हंगामात आल्या आणि गेल्या. एनबीसीच्या ‘मॅनिमल’ मधील प्राध्यापक जोनाथन चेस (सायमन मॅककॉर्किंडेल) हवा तो प्राणी होऊ शकतो आणि त्या विद्येचा उपयोग पोलिसांना मदत करण्यासाठी करतो. रूपांतराचे दृश्य मोठ्या मेहनतीने केलेले होते: श्वास जड होतो, हाताच्या पाठीवरची कातडी आतून काहीतरी ढकलत असल्यासारखी धपापू लागते, बोटांची नखे होतात. पण ते महाग असल्याने बहुधा काळा बिबळ्या आणि ससाणा यांच्यापुरतेच तपशिलाने दिसे, तीच फीत पुन्हापुन्हा वापरली जाई, आणि बाकीचे प्राणी कॅमेऱ्याच्या नजरेआडच होत. मनुष्यरूपात परतल्यावर प्राध्यापकमहाशयांच्या अंगावर कोटासह सगळे कपडे जागच्या जागी कसे, याचे उत्तर मालिकेने दिले नाही. समोर सीबीएसवर ‘डॅलस’ ही तुफान लोकप्रिय मालिका असल्याने तसे विचारायला फारसे कोणी उरलेही नाही. मालिका आठ भागांत आटोपली.

दुसरी, एबीसीची ‘ऑटोमॅन’, हिच्यात पोलिस खात्यातील एक दुर्लक्षित संगणकतज्ज्ञ प्रकाशाने बनलेला गुन्हेशोधक निर्माण करतो. सोबत ‘कर्सर’ नावाचा एक चमकता ठिपका असतो, जो हवेत रेघा ओढून क्षणात मोटार किंवा हेलिकॉप्टर काढून देतो. ती मोटार काटकोनात वळते आणि आत बसलेला माणूस दारावर आपटतो. या नायकाला वीज इतकी लागते की शहराचा वीजवापर वाढला की तो विरू लागतो. नायकाला मर्यादा असावी, हे लार्सन यांना येथे बरोबर उमगले होते.

एकाच भागानंतर बंद पडलेल्या मालिका आहेत का?

आहेत. एबीसीवर ५ फेब्रुवारी १९६९ रोजी आलेला ‘टर्न-ऑन’ हा विनोदी तुकड्यांचा कार्यक्रम जणू एका संगणकाने तयार केला आहे, अशी त्याची कल्पना होती: हशा नाही, रंगमंच नाही, फक्त इलेक्ट्रॉनिक आवाज आणि भराभर बदलणारी दृश्ये, त्यातही बराचसा चावट मजकूर. क्लीव्हलँडच्या केंद्राने तो पहिल्या जाहिरातींच्या विश्रांतीनंतर पुढे दाखवलाच नाही. दुसरा भाग तयार असूनही पडद्यावर आला नाही.

ब्रिटनमध्ये १९९० साली एका उपग्रह वाहिनीवर ‘हाइल हनी आय एम होम!’ चा एकच भाग दाखवला गेला. हिटलर आणि एव्हा ब्राउन हे शेजारच्या ज्यू जोडप्याशी कटकट करणारे मध्यमवर्गीय दांपत्य आहेत, अशी ती पन्नासच्या दशकातील अमेरिकी कौटुंबिक विनोदी मालिकांची विडंबना होती. विडंबनाचे लक्ष्य त्या मालिकांचा गोडगोडपणा हे होते, असे निर्मात्यांच्या बाजूने म्हणता येते. पण हे लक्ष्य गाठण्यासाठी निवडलेले साधन एका भागातच असह्य होते.

गाणारे पोलिस असलेली मालिका खरी की थट्टा?

खरी, आणि गंभीर. ‘हिल स्ट्रीट ब्लूज’ सारखी मान्यवर पोलिसी मालिका देणाऱ्या स्टीव्हन बोचको यांनी १९९० मध्ये एबीसीसाठी ‘कॉप रॉक’ केली. कथानक नेहमीचे कठोर: अंमली पदार्थ, लाच, संशयिताला गोळी घालणारा अधिकारी. पण मध्येच पात्रे गाऊ लागतात. न्यायालयात पंचमंडळाला निर्णय विचारला जातो आणि पंच चर्चमधल्या गायकवृंदासारखे उठून, डोलत, आरोपी दोषी असल्याचे गातात. व्यसनाधीन आई आपले तान्हे मूल विकण्याआधी त्याला अंगाई म्हणते. गाणी आधी ध्वनिमुद्रित न करता चित्रीकरणाच्या जागीच गायली जात, हे त्या काळी धाडसाचे काम होते. रँडी न्यूमन यांना या मालिकेतील गीतासाठी एमी पुरस्कार मिळाला. अकराव्या, म्हणजे शेवटच्या भागाच्या अखेरीस नट आपापल्या भूमिका सोडून तंत्रज्ञांसह निरोपाचे गाणे गातात.

विसरलेल्या मालिकांपैकी एखादी तरी खरोखर नवी होती का, असे कोणी विचारले तर मी हिचे नाव घेईन. ती यशस्वी झाली असती असे मात्र मी म्हणणार नाही. पोलिसी कथा पाहणाऱ्याला गाणे आले की कथा थांबल्यासारखी वाटे, आणि संगीतिका आवडणाऱ्याला मधले खून नकोसे होत.

चांगले कथाबीज असूनही बंद पडलेली मालिका कोणती?

‘व्हॉयेजर्स!’ (एनबीसी, १९८२-८३). इतिहासाची घडी बिघडली असेल तेथे जाऊन ती नीट करणारा फिनियस बॉग हा प्रवासी चुकून १९८२ मध्ये, न्यूयॉर्कमधील अकरा वर्षांच्या जेफ्रीच्या खोलीत येऊन पडतो. झटापटीत जेफ्रीचा कुत्रा त्याची मार्गदर्शक पुस्तिका पळवतो, मुलगा खिडकीतून खाली कोसळतो, आणि त्याला वाचवण्यासाठी बॉग पुस्तिकेविनाच काळात उडी मारतो. आता कोणत्या सालात काय घडायला हवे होते हे बॉगला माहीत नाही, पण इतिहासाच्या प्राध्यापकाचा मुलगा असलेल्या जेफ्रीला माहीत आहे. हातातल्या यंत्रावर लाल दिवा लागला की इतिहास चुकलेला, हिरवा लागला की सुधारलेला. बळ एकाकडे आणि ज्ञान दुसऱ्याकडे, परतीचा मार्ग नाही, आणि समोर सगळा मानवी इतिहास पसरलेला. याहून घट्ट बांधलेले कथाबीज क्वचितच सापडेल. प्रत्येक भागाच्या शेवटी जेफ्रीची भूमिका करणारा मुलगा प्रेक्षकांना अधिक माहितीसाठी ग्रंथालयात जायला सांगत असे. रविवारी संध्याकाळी समोर सीबीएसचे ‘सिक्स्टी मिनिट्स’ हे लोकप्रिय वृत्तसदर होते, आणि वीस भागांत मालिका संपली.

बीबीसीची ‘स्टार कॉप्स’ (१९८७) हीदेखील या रांगेत बसते. २०२७ मध्ये अंतराळ स्थानकांवर आणि चंद्रावर कामगार, शास्त्रज्ञ आणि व्यापारी राहू लागले आहेत, आणि माणसे आली तेथे गुन्हे आले, म्हणून त्यांच्यासाठी एक अपुरे, दुर्लक्षित पोलिस दल आहे. दहा भाग ठरले होते. संपामुळे दहावा चित्रितच झाला नाही.

या मालिका इतक्या पूर्णपणे विस्मरणात का गेल्या?

अमेरिकेत त्या काळी मालिकेचे दुसरे आयुष्य स्थानिक केंद्रांना विकलेल्या पुनःप्रक्षेपणांत असे. रोज एक याप्रमाणे भाग दाखवायचे तर सुमारे शंभर भाग हाताशी हवेत, असा संकेत होता. आठ किंवा तेरा भाग दीड-दोन आठवड्यांत संपत, त्यामुळे ते कोणी विकत घेत नसे. ‘गिलिगन्स आयलंड’ तीन हंगामांतच बंद झाली होती, पण तिचे ९८ भाग होते, आणि ते दुपारच्या वेळी वर्षानुवर्षे दाखवले गेल्याने पुढच्या पिढ्यांना ती पाठ झाली. लोकप्रियतेपेक्षा भागसंख्येनेच स्मरण ठरवले, असे येथे म्हणायला हरकत नाही.

ब्रिटनमध्ये तर फितीच पुसल्या गेल्या. चित्रफीत महाग होती, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, म्हणून जुने कार्यक्रम पुसून त्यावर नवे घेतले जात. ‘ॲडम ॲडमंट लिव्ह्ज!’ चे कित्येक भाग त्यामुळे आज अस्तित्वात नाहीत.

आज यांतील काही पाहायचे असेल तर सुरुवात कोठून करावी?

‘कॉप रॉक’, ‘मॅनिमल’, ‘ऑटोमॅन’, ‘व्हॉयेजर्स!’, ‘कोरोनेट ब्लू’ आणि ‘माय मदर द कार’ या डीव्हीडीवर आलेल्या आहेत. आधी ‘व्हॉयेजर्स!’ चा पहिला भाग पाहावा. ‘कोरोनेट ब्लू’ पाहताना क्रमाची काळजी करू नये, प्रत्येक भाग बहुतांशी स्वतंत्र आहे. ‘इट्स अबाउट टाइम’ मिळाली तर अश्मयुगातील एक आणि शहरातील एक असे दोन भाग लागोपाठ लावावेत. ‘माय मदर द कार’ चे दोन भाग पुरेत. दुसरा मँझिनीचा असावा.